निघण्याच्या दिवशी काय दाखवावे?



परदेशातील सुट्टीचा शेवटचा दिवस आणि त्या दिवशीचे स्थलदर्शन, असा विषय मी घेतला आहे हे कळल्यावर एका स्नेह्यांनी विचारले, "म्हणजे लंडनवर बोलणार की सिंगापूरवर?" मी म्हटले, "खराडीवर." त्यांना ती थट्टा वाटली. परंतु थट्टा करण्याचा माझा हेतू नाही, आणि का नाही तेच प्रथम सांगतो.

आपल्यापैकी कितीतरी घरांतला मुलगा अगर मुलगी आज अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात किंवा दुबईला आहे. त्यांची मुले तिकडेच जन्मली आणि तिकडच्याच शाळेत शिकतात. जून-जुलैत, नाहीतर नाताळात, ती आईबापांबरोबर तीनचार आठवडे इकडे येतात. आपण म्हणतो, नातवंडे घरी आली. त्यांचे आईबाप म्हणतात, आम्ही घरी आलो. त्या आठदहा वर्षांच्या पोराला मात्र कोणी विचारीत नाही. त्याचे अंथरूण तिकडे, त्याची सायकल तिकडे, त्याचे सवंगडी तिकडे. त्याच्या खिशातले पारपत्र दुसऱ्या देशाचे. तो परदेशी सुट्टीवर आलेला आहे, आणि तो परदेश म्हणजे आपले खराडी गाव. ही गोष्ट ऐकायला थोडी जड जाते, परंतु ती एकदा मान्य केली म्हणजे पुष्कळसा गोंधळ दूर होतो. परदेशी पाहुण्याला आपण जसे विचारपूर्वक काही दाखवतो, तसे या नातवाला काय दाखवणार, असा प्रश्न मग आपोआप पुढे येतो.

आता त्याच्या सुट्टीचा शेवटचा दिवस पाहा. पुण्याहून थेट परदेशी जाणारी विमाने थोडी. बहुतेकांना मुंबईहूनच निघावे लागते. विमान मध्यरात्रीनंतरचे, म्हणून गाडी दुपारी अगर सायंकाळी दाराशी येते. त्याआधीच्या सहासात तासांत घरात काय चालते? दिवाणखान्याच्या मध्यभागी सामानाच्या पेट्या उघड्या पडलेल्या असतात. आजी चिवड्याची पिशवी घालते, सूनबाई ती बाहेर काढते. मेतकूट, गोडा मसाला, लोणच्याची बरणी यांची रदबदली होते. वजनाचा काटा आणून पेटी त्यावर चढवली जाते. तेवीस किलोच्या वर काटा गेला की बरणी उतरते, काटा खाली आला की पुन्हा चढते. मध्येच निरोप द्यायला आलेली नातेवाईक मंडळी चहा घेतात. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो नातू कोपऱ्यात हातातल्या फोनवर मान घालून बसलेला असतो. फारच झाले तर कोणीतरी म्हणते, "पोराला जरा मॉलमध्ये फिरवून आणा." म्हणजे ज्या तऱ्हेची इमारत, ज्या तऱ्हेचा सरकता जिना आणि ज्या नावाची दुकाने त्याच्या गावी आहेत, तीच पाहून तो आपला निरोप घेतो.

हा दिवस असा जाऊ देणे परवडण्यासारखे नाही, असे माझे म्हणणे आहे. एकेकाळी मुंबईहून बोटीने विलायतेस जाणाऱ्याला दोनतीन आठवडे समुद्रावर मिळत. मागे टाकलेला देश डोळ्यांपुढून हळूहळू सरत असे. विमानाने ती सवड काढून घेतली. आज संध्याकाळी खराडीत जेवलेले मूल उद्या दुसऱ्या खंडात उतरते आणि परवा शाळेत जाते. शाळेत त्याला विचारतात, सुट्टीत काय पाहिलेस? त्या वेळी तोंडाशी प्रथम येते ते शेवटी पाहिलेले. आणि दुसरे कारण आपण मनातल्या मनात जाणतो, बोलत नाही. पुढची खेप दोन वर्षांनी असते, कधी चार वर्षांनी. तोवर नातू मोठा होईल, आणि आजोबा असतीलच असे नाही. तेव्हा हा दिवस एका माणसाने दुसऱ्याच्या हाती काहीतरी देण्याचा आहे. ते काय द्यावे याचा विचार चिवड्याच्या विचाराइतका तरी व्हायला हवा.

"पण खराडीत पाहण्यासारखे आहे काय?" असा आक्षेप येईल, आणि तो येथे राहणारेच घेतात. १९९७ साली हे गाव पुणे महानगरपालिकेत आले. पुढे शेतांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाची संकुले आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. आज येथे राहणारे पुष्कळजण विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेले आहेत. त्यांना स्वतःलाच हे गाव नवे आहे. तरीसुद्धा मी तीन ठिकाणे सांगतो. पहिल्यासाठी तास-दोन तास पुरतात, दुसऱ्यासाठी अर्धा दिवस लागतो, तिसऱ्यासाठी सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ. यांतले एकच निवडावे. शेवटच्या दिवशी उरलेसुरले सर्व उरकण्याच्या मागे जो लागतो, त्याच्या हाती नुसती धूळ लागते.

निवड कशी करावी याच्या दोनतीन कसोट्या आहेत. ठिकाण जवळचे असावे, म्हणजे घड्याळाकडे पाहत राहावे लागत नाही. तेथे सांगण्याजोगी गोष्ट अशी असावी की मुलाला ती आपल्या भाषेत दोनचार वाक्यांत दुसऱ्यास सांगता येईल. आणि मुलाबरोबर घरातले वडीलधारे माणूस असलेच पाहिजे. ड्रायव्हरबरोबर पाठवलेले मूल स्थळ पाहून येते, पण ते कोणाचे आहे हे त्याला कळत नाही.

पहिले ठिकाण आपल्या गावाची नदी. मुळा-मुठा खराडीच्या दक्षिणेने वाहते आणि पलीकडे मुंढवा आहे. पुलावर जावे, वाहनांपासून दूर, कठड्याशी सुरक्षित जागा पाहून उभे राहावे, आणि मुलाला विचारावे, हे पाणी कोठून आले आणि कोठे चालले? मोठी माणसेही येथे अडतात. सह्याद्रीच्या डोंगरांतून मुळा आणि मुठा वेगवेगळ्या येतात, पुण्यात संगमावर एकत्र होतात, बंडगार्डनवरून आपल्याकडे येतात. येथून पुढे मांजरी, मग थेऊर. थेऊरला अष्टविनायकांपैकी चिंतामणीचे देऊळ आहे, आणि तेथेच १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी देह ठेवला. त्याच्याही पुढे रांजणगाव सांडस येथे ही नदी भीमेला मिळते. भीमा उजनीच्या धरणात जाते, उजनीतून पंढरपुरास जाते, आणि तेथे तिला आपण चंद्रभागा म्हणतो. नंतर ती कर्नाटकात शिरून कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपल्या पुलाखालचे पाणी पंढरपूरच्या वाळवंटावरून जाते. आषाढी वारीच्या वेळी नातवंडे येथे असली तर याहून अधिक सांगता येईल. आळंदी-देहूच्या पालख्या नदीपलीकडून, हडपसरावरून, त्याच दिशेने चाललेल्या असतात. आणि आळंदी-देहूची इंद्रायणीसुद्धा शेवटी भीमेतच येते. माणसे आणि पाणी एकाच गावाला निघाली आहेत, हे पोराला नकाशा काढून दाखवावे.

कोणी म्हणेल, नदी घाण झाली आहे, ती काय दाखवायची? घाण झाली आहे हे खरे, आणि तेही दाखवावे. पाण्यावर फेस का आहे, वास का येतो, असे मूल विचारील. त्याला खरे उत्तर द्यावे: शहराचे सांडपाणी पुरते शुद्ध न होता नदीत येते आणि ते थांबवण्याचे काम अजून संपलेले नाही. पाहुण्यापुढे घर झाडून ठेवणे ही रीत आहे. नातवापुढे घर जसे आहे तसे ठेवले तर तो अधिक आपला होतो. शिवाय नदीला तिची स्मृती आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्यात हाहाकार करून तो लोंढा याच पात्राने खाली गेला. तो दिवस लहानपणी पुण्यात पाहिलेली माणसे आज सत्तरीच्या घरात वा त्यापलीकडे आहेत. आपल्या घरात तसे कोणी असेल तर पुलावर त्यांनीच बोलावे, इतरांनी गप्प राहावे.

दुसरे ठिकाण आगाखान राजवाडा. ज्याला आपण अजून नगर रस्ता म्हणतो त्या रस्त्याने पुण्याकडे निघाले की येरवड्याच्या अलीकडे तो लागतो. रोज त्याच्यावरून जाणारे आणि फाटकाच्या आत कधी न गेलेले लोक आपल्यात पुष्कळ निघतील. सकाळी उघडताच जावे, म्हणजे अकरापर्यंत घरी परतता येते. ही वास्तू १८९२ सालची. सर सुलतान महंमद शहा आगाखान यांची. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तिचे बांधकाम काढले असे सांगतात. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गांधीजींना पकडले आणि येथे आणून ठेवले. कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन, डॉक्टर सुशीला नय्यर ही मंडळीही येथे बंदिवासात होती.

मुलाला येथे इतकेच सांगावे. हा वाडा राजवाड्यासारखा दिसतो, पण तो तुरुंग होता. येथे आल्यावर सहाव्या दिवशी महादेवभाई गेले. पंचवीस वर्षे ते गांधीजींच्या शेजारी बसून त्यांचा शब्दन् शब्द लिहून ठेवीत होते. तो दिवस १५ ऑगस्ट १९४२ होता. त्याच तारखेला पाच वर्षांनी देश स्वतंत्र झाला. पुढे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीला, कस्तुरबा येथेच गेल्या. त्यांचा गांधीजींशी साठ वर्षांहून अधिक संसार झाला होता. ६ मे १९४४ ला गांधीजी सुटले. बंदिवासात बरोबर असलेली ही दोन माणसे मागे राहिली. त्या दोघांच्या समाध्या आवारात आहेत, तेथे जावे. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्या वेळच्या आगाखानांनी ही वास्तू गांधीजींच्या स्मरणार्थ देऊन टाकली आणि २००३ साली ती राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक ठरली. हे तपशील मोठ्यांसाठी. मुलाला कळेल ते असे, की एका म्हाताऱ्या माणसाचा मित्र आणि बायको या घरात वारली आणि तरीही त्याने हट्ट सोडला नाही. हट्ट कसला होता हे तो विचारील, आणि तो विचारतो आहे हेच आपल्याला हवे आहे.

या वाड्यातली आणखी एक गोष्ट आज सभागृहात बसलेल्या आजीबाईंसाठी सांगतो. बंदिवासात गांधीजी कस्तुरबांना धडे देत. त्यांत भूगोलही असे. सत्तरी ओलांडलेली, प्रकृतीने खालावलेली ती बाई नद्यांची आणि प्रांतांची नावे पाठ करीत बसे. ती घोटाळत, तरी शिकणे सोडीत नसे. हिचा उपयोग मला पुढे करायचा आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

तिसरे ठिकाण तुळापूर. नगर रस्त्याने उलट दिशेला वाघोली आणि लोणीकंद ओलांडले की तुळापूरचा फाटा लागतो. तेथे भीमा आणि इंद्रायणी यांचा संगम आहे आणि काठावर संगमेश्वराचे देऊळ आहे. गावाच्या नावाची कथा अशी सांगतात. १६३३ साली आदिलशाहीतील मुरारपंतांना येथे हत्तीची तुळा करून दान द्यायचे होते. हत्ती तोलायचा कोणत्या तराजूत? तेव्हा शहाजीराजांनी तोड काढली. हत्तीला नावेत चढवले, नाव पाण्यात जेथवर बुडाली तेथे खूण केली, हत्ती उतरवला आणि खुणेपर्यंत नाव बुडेतो तीत दगड भरले. मग ते दगड तोलले. आदल्या रात्री घरी परातीत पाणी घेऊन, त्यात वाटी तरंगवून, हा प्रयोग नातवाकडून करवून घ्यावा. दुसऱ्या दिवशी संगमावर उभे राहून तीच गोष्ट सांगावी. सकाळी काट्यावर चढणाऱ्या पेटीकडे पाहून त्याला हसू येईल, आणि ती गोष्ट तो शाळेत सांगितल्यावाचून राहणार नाही.

तुळापूरला दुसरीही कथा आहे आणि ती जपून सांगावी लागते. संगमेश्वरी पकडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना औरंगजेबाच्या हुकमाने ११ मार्च १६८९ रोजी या परिसरात ठार मारण्यात आले. त्यांना बत्तिसावे वर्ष चालू होते. जवळच वढू बुद्रुक येथे त्यांची समाधी आहे. लहान मुलाला यातना वर्णून सांगण्याचे कारण नाही. राजा शरण गेला नाही, एवढे पुरे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्या क्रौर्याची कारणे सांगता येतील. त्याच रस्त्यावर भीमेच्या अलीकडे पेरणे येथे जयस्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा तो स्तंभ. १ जानेवारी १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकर तेथे आले होते. दरसाल त्या दिवशी लाखो माणसे तेथे मानवंदना देण्यास जमतात. इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारलेला खांब पुढे दुसऱ्याच कारणाने लोकांचा कसा झाला, हा कॉलेजातल्या नातवाशी बोलण्याजोगा विषय आहे. एक व्यवहाराची सूचना करतो: नाताळच्या सुट्टीतला शेवटचा दिवस नेमका नववर्षाच्या आसपास येत असेल, तर त्या दिवसांत या रस्त्याची वाहतूक वळवलेली असते. तेव्हा तुळापूर सोडून नदी किंवा राजवाडा घ्यावा.

आता दोनतीन शंका. पहिली, मुलाला मराठी येत नाही. येत नसेल तरी आजोबांनी मराठीतच बोलावे आणि आईने अगर बापाने मध्ये उलगडून सांगावे. अर्थ त्याला आईकडून मिळेल, आवाज आजोबांचा राहील. त्याबरोबर एखादा शब्द त्या दिवसापुरता पक्का करून द्यावा: नदीवर "संगम", राजवाड्यात "समाधी", तुळापुरास "तुळा". एकच शब्द जागेवर शिकला म्हणजे विसरत नाही. दुसरी शंका पावसाची. जून-जुलैत पाऊस असणारच. छत्र्या घ्याव्यात, भिजलेली सकाळ मुलांना कोरड्या सकाळीपेक्षा अधिक आठवते. मात्र नदीला पाणी चढले असेल त्या दिवशी काठाकडे फिरकू नये. तिसरी शंका निरोपाला येणाऱ्या मंडळींची. त्यांना आदल्या दिवशी बोलवावे. न जमल्यास राजवाड्याच्या बागेत भेटावे. चहा नाही मिळाला तरी नाते तुटत नाही. पेट्या आदल्या रात्री बंद कराव्यात आणि बरणीचा तंटाही तेव्हाच मिटवावा. बाराच्या आत घरी यावे, वरणभात जेवावे, आणि गाडीची वाट पाहावी.

येथवर आपण दाखवणारे आणि नातू पाहणारा, असे मी बोललो. पण सभागृहातल्या अनेकांचा दुसरा अनुभवही आहे. मुलाकडे, मुलीकडे आपणही जातो आणि काही महिने राहतो. तेथेही शेवटचा दिवस येतो, आणि तोही पेटीच्या वजनात जातो. फरक इतकाच की या वेळी चिवड्याऐवजी तिकडचे बदाम आणि साबणाच्या वड्या असतात. कारंजी, पुतळे, उंच इमारती आपण पहिल्या आठवड्यातच पाहिलेल्या असतात. मग त्या दिवशी आपण नातवाला सांगावे, "बाळ, आज तू मला तुझे गाव दाखव. कोठे न्यायचे ते तूच ठरव." तो आपल्याला शाळेच्या मैदानावर नेईल, वाचनालयात नेईल, तळ्याकाठी बदके दाखवील, ज्या झाडावरून तो पडला ते झाड दाखवील. आणि त्या झाडाखाली आपण त्याला विचारावे, या तळ्याचे पाणी कोठून येते? नद्यांची नावे विचारावीत, पाठ करावीत, चुकावे, त्याने हसून दुरुस्त करावे. कस्तुरबांचे भूगोलाचे धडे मी तुम्हांला याचसाठी सांगितले. त्या वयात त्यांनी प्रांतांची नावे शिकली, तर आपल्याला नातवाच्या गावच्या नदीचे नाव शिकायला कसली हरकत?

असे झाले म्हणजे दोन्ही बाजूंचे देणेघेणे पुरे होते. आज आपली तक्रार असते की पोरांना आपले काही कळत नाही. त्यांचे आपल्याला काय कळते, हेही विचारून पाहायला हवे. खराडीच्या पुलावर उभा राहिलेला नातू आणि परक्या तळ्याकाठी उभी राहिलेली आजी, या दोघांना एकमेकांच्या पाण्याचा पत्ता ठाऊक असला, तर पुढच्या खेपेपर्यंत फोनवर बोलायला त्यांच्यापाशी काहीतरी असेल. नाहीतर "जेवलास का?" आणि "हो" यापुढे ते बोलणे सरकत नाही, हे आपण दर रविवारी अनुभवतो.

उन्हाळा सरत आला आहे. महिना-दीड महिन्यात पुष्कळ घरी पाहुणे येतील. त्यांच्या येण्याची तयारी आपण करतोच. यंदा जाण्याच्या दिवसाचीही थोडी करावी, एवढीच माझी विनंती आहे. तिन्ही ठिकाणे आधी आपण स्वतः पाहून यावीत. नातवाने प्रश्न विचारला की उत्तर तयार असेल.